ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे : सरकवण्याआधी मोजा

तासाभराचं कीर्तन मोबाइलवर चित्रित केलंय, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलाय आणि एडिटिंगला बसल्यावर बुवांचे ओठ आणि शब्द जुळत नाहीत. विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं : ऑडिओ थोडा पुढेमागे सरकव. सरकवला की सुरुवात जुळते आणि शेवट बिघडतो. शेवट जुळवावा तर सुरुवात जाते. सॉफ्टवेअर बदला, नवा लॅपटॉप घ्या, हे सल्लेही तितकेच निरुपयोगी. बिघाड कोणत्या जातीचा आहे हे कळल्याशिवाय एकही क्लिप हलवू नका.

सर्वात आधी ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचा लावा. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत यायला सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त वेळ सहज लागतो. मुळात बरोबर असलेलं सिंक, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ, लोक यापायी बिघडवून ठेवतात. प्लेबॅक अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत, बनवा. अडखळणाऱ्या चित्रावरून सिंकचा निवाडा करता येत नाही.

आता मोजणी. टाइमलाइनवर रेकॉर्डरचा आवाज सुरुवातीच्या टाळीशी (चित्रीकरण सुरू होताना आणि संपताना जुळवणीसाठी वाजवतात ती) जुळवा आणि थेट शेवटच्या टाळीवर जा. शेवटी टाळी वाजवलीच नसेल तर ओठ मिटून उघडणारं अक्षर शोधा : प, ब, म. वारकरी कीर्तनात हे काम सोपं आहे, कारण सुरुवातीलाही गजर असतो आणि शेवटीही. 'बोला'च्या 'ब'ला ओठ सुटतात ती फ्रेम आणि वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) तिथे उठलेला उंचवटा, एवढं पुरतं. टाळ किंवा मृदंगाची थाप स्पष्ट दिसत असेल तर आणखी चांगलं. शेवटी किती फ्रेमचा फरक आहे ते कागदावर लिहा. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, ३० च्या टाइमलाइनवर सुमारे ३३.

शेवटीही फरक नसेल, तर नशीब चांगलं. एकदा सरकवलं, काम झालं. आवाजाची पट्टीच चढलेली वाटत असेल आणि एक मिनिटाचा आवाज ५५ सेकंदांत संपत असेल, तर ४४,१०० हर्ट्‌झवर घेतलेली फाइल ४८,००० (हे सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने) समजून वाजतेय. ती ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) उघडून ४८,००० वर नव्याने एक्स्पोर्ट करा. तासाला जवळपास ३.६ सेकंदांचा फरक दिसला, तर २९.९७ आणि ३० फ्रेमचा घोळ आहे, क्लिपच्या गुणधर्मांत खरा फ्रेमरेट भरा.

यापैकी काहीच नसेल आणि फरक हळूहळू वाढत असेल, तर पुढचं नीट वाचा. मी स्वतः फार काळ इथेच अडकून पडलो होतो, कारण दोन अगदी वेगळे बिघाड वरवर सारखेच दिसतात.

ते वेगळे करायची एकच खात्रीची चाचणी आहे. रेकॉर्डरचा ट्रॅक म्यूट करा आणि मोबाइलचा स्वतःचा आवाज ऐका, तो कितीही खराब असला तरी. शेवटच्या दहा मिनिटांत मोबाइलचं चित्र आणि मोबाइलचाच आवाज जुळतात का? जुळत नसतील तर दोष चित्राच्या फाइलमध्ये आहे, रेकॉर्डरला हात लावू नका. जुळत असतील तर मोबाइल आणि रेकॉर्डर यांची घड्याळं वेगवेगळ्या चालीने चालली आहेत. ही चाचणी न करता ऑडिओ ताणायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. चित्रातला दोष ऑडिओ ताणून जात नाही, कारण तो एकसारखा वाढतच नाही. मांडवातला उजेड कमी झाला की वाढतो, एरवी थांबतो.

उजेडाचा संबंध असा. मोबाइल दर सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही. अंधारलं किंवा फोन तापला की तो फ्रेम कमी करतो. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. आयफोनच्या कॅमेऱ्यात तर 'ऑटो एफपीएस' नावाची सोयच आहे, ती कमी उजेडात ३० चे २४ करते. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक फ्रेम सारख्या अंतराने आली असं धरून चालतं. नवी सॉफ्टवेअर हे बऱ्यापैकी सांभाळून घेतात, पण तासाभराच्या फाइलवर मी तेवढा भरवसा ठेवत नाही.

मीडियाइन्फोत (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) फाइल उघडा. 'फ्रेम रेट मोड'समोर 'व्हेरिएबल' दिसलं की फाइल हँडब्रेक या रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायची. इथे बहुतेक जण फसतात. हँडब्रेकचे नेहमीचे '१०८०पी३०' सारखे प्रीसेट 'पीक फ्रेमरेट' निवडून ठेवतात. म्हणजे दोन तास रूपांतर करून निघालेली फाइलही व्हेरिएबलच! 'व्हिडिओ' टॅबमध्ये जाऊन फ्रेमरेट 'सेम ॲज सोर्स' न ठेवता ३० निवडा आणि खालचा 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' स्वतः टिचकी मारून लावा. आरएफ (दर्जाचा आकडा, जितका लहान तितका दर्जा चांगला) १६ ते १८ ठेवा. फाइल मोठी होईल, होऊ द्या. मोबाइलवर ३० ने घेतलेलं २५ वर आणू नका, हात हलताना चित्र झटके खातं. नवी फाइल पुन्हा मीडियाइन्फोत तपासा आणि मगच टाइमलाइनवर घ्या. अर्धं एडिटिंग झाल्यावर मूळ फाइलच्या जागी ही बसवली तर सगळे कट सरकतात.

आता घड्याळांचा फरक. दोन्ही उपकरणांत क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो, पण दोन स्फटिक तंतोतंत एका चालीचे नसतात. दशलक्षात ५० भागांचा फरक तासाला १८० मिलिसेकंद, म्हणजे २५ च्या टाइमलाइनवर साडेचार फ्रेम. हा फरक एकसारखा वाढतो. अर्ध्या तासाला जेवढा, तासाला त्याच्या दुप्पट.

तो काढायला एडिटिंग सॉफ्टवेअरमधली स्पीडची टक्केवारी वापरू नका. तिथे बहुधा दोनच दशांश स्थळं मिळतात, आणि १०० चे १००.०१ केले की तासाला ३६० मिलिसेकंद हलतात. साडेचार फ्रेमची चूक घालवायला गेलात तर उलट दिशेला तितकीच चूक घालाल. त्यापेक्षा चित्रात पहिल्या टाळीपासून शेवटच्या टाळीपर्यंत किती वेळ आहे ते मिलिसेकंदापर्यंत काढा. रेकॉर्डरची फाइल ऑडॅसिटीत घ्या, ती बरोबर पहिल्या टाळीपासून शेवटच्या टाळीपर्यंत कापा, सगळं निवडा आणि 'चेंज स्पीड अँड पिच' मध्ये नव्या लांबीच्या चौकटीत चित्रातला वेळ भरा. पट्टी बदलेल ही भीती बाळगू नका. एवढ्या बारीक फरकाने पेटीवाल्यालाही काही कळणार नाही. उलट पट्टी राखणारं 'चेंज टेम्पो' इथे वापरलंत तर टाळांचा टणत्कार खरखरीत होण्याचा धोका असतो. व्याख्यान असेल, मध्ये विराम असतील, तर दर पंधरा-वीस मिनिटांनी विरामात कट देऊन एखादी फ्रेम सरकवली तरी चालतं. गाण्यात हे कधीही करू नका.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. वेव्हफॉर्मवरून आपोआप सिंक करणारी सोय रेकॉर्डरचा आवाज मोबाइलच्या आवाजाशी जुळवते, ओठांशी नाही. ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. मोबाइल मंडपाच्या मागे १४ मीटरवर असेल तर त्याने टिपलेला आवाज २५ च्या टाइमलाइनवर आधीच एक फ्रेम उशिरा आलेला असतो. म्हणून आपोआप सिंक केल्यावर माइकचा आवाज हाताने एक फ्रेम अलीकडे आणा, २८ मीटर असेल तर दोन. शंका असेल तर आवाज किंचित उशिरा ठेवा, लवकर नको. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारण शिफारशीत आवाज ४५ मिलिसेकंद लवकर आला तरी प्रेक्षकाला जाणवतो असं दिलंय. उशिरा आला तर १२५ पर्यंत खपून जातो.

एक्स्पोर्ट करताना फ्रेमरेट टाइमलाइनचाच ठेवा, ऑडिओ ४८,००० वर. तयार फाइल एडिटिंग सॉफ्टवेअरच्या बाहेर, व्हीएलसीमध्ये, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी दोन-दोन मिनिटं बघा. कीर्तनकारांना व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती पुन्हा दाबली जात नाही.