आय-ट्वेंटी एन लाइनला टायर बदलायचेत? आधी हे वाचा

इथे बडोद्यात दुकानदार पहिलं वाक्य हेच बोलतो, साहेब दोनशे पाच टाकून घ्या, मस्त दिसेल. घाई करू नका, आधी टायरच्या बाजूला लिहिलेलं वाचा. कंपनीचा साइझ १९५/५५ आर१६. म्हणजे रुंदी १९५ मिमी, बाजूची उंची त्याच्या ५५ टक्के आणि रिम १६ इंची. आता २०५/५५ घातला तर व्यास साधारण ११ मिमी वाढतो, जवळपास पावणेदोन टक्के, मग स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा थोडी जास्त पळत असते, पण हे चालतं, मी स्वतः हाच टाकलाय. मागे दोघांना बसवून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, आतल्या प्लास्टिकला घासल्याचा आवाज यायला नको. रिमपण बदलून १७ करायचा मोह मात्र टाळा, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, बारीक झाली की पावसाळ्यातल्या एका खड्ड्यात रिम वाकते.

साइझच्या पुढे ८७व्ही वगैरे लिहिलेलं असतं, ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो आणि व्ही म्हणजे ताशी २४० किमी वेगापर्यंत, याच्या खाली कधीच उतरू नका, स्वस्त मिळाला तरी.

टाइपबद्दल माझं स्पष्ट मत, रोज शहरातलंच अलकापुरी-मांजलपूर आणि महिन्यातून एकदा अहमदाबाद एक्स्प्रेसवे असेल तर ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा टूरिंग टायर (रोजच्या आणि लांबच्या आरामशीर प्रवासासाठीचा) घ्या, फार मऊ रबरवाला स्पोर्ट टायर लवकर झिजतो. आणि टायरवर लिहिलेली, तो बनवल्याची चार आकडी तारीख बघाच, २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा.