जुनं नाणं मशिनवर तपासताय? या चुका टाळा

विटा-खानापूरची गलाई मंडळी देशभर सोनं-चांदी गाळतात, त्यामुळे सांगली-साताऱ्याकडे धातू तपासणारा माणूस शोधत फिरावं लागत नाही. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. सराफाला फक्त टंच, म्हणजे धातूची शुद्धता, हवा असतो. नाणं खरं की खोटं, हा प्रश्न तेवढ्यावर सुटत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेढीवरच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) मशिनची पावती अंतिम मानणं. हे मशिन मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी एवढ्याच खोलीचं वाचतं. चांदीत तांबं मिसळलेलं नाणं शतकानुशतकं मातीत राहिलं, की वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि चांदी उरते. मग मशिन 95 टक्के चांदी दाखवतं आणि गाभ्यात 80 असते. उलट, मुलामा दिलेलं खोटं नाणंही असंच झकास आकडे देतं. म्हणून दोन्ही बाजू आणि झिजलेली कड, अशा तीन जागी वाचन घ्या. सोन्याचा प्रोग्रॅम चालू असेल तर यादीत नसलेले धातू तो धरतच नाही आणि बेरीज मात्र 100 करून देतो. शिवराईसाठी, म्हणजे तांब्याच्या जुन्या मराठा नाण्यासाठी, मिश्रधातूंचा प्रोग्रॅम लावायला सांगा. तांबं 99.9 च्या वर आलं, तर शिसं, आर्सेनिक, लोह यांचा अंशही का नाही ते पाहा. एवढं स्वच्छ तांबं विजेवर शुद्ध करायला लागल्यानंतरचं असण्याची शक्यता जास्त.

होनात, म्हणजे जुन्या सोन्याच्या नाण्यात, कॅडमियम दिसलं की लगेच 'खोटं' म्हणू नका. तो गळ्यात घालायला कडी लावलेला असेल, तर ते केडीएम डाकाचंही (कॅडमियम मिसळलेल्या सांध्याच्या धातूचंही) असू शकतं. डाकापासून लांब पुन्हा मोजा. तिथेही आलं, तर मात्र शंका पक्की धरा: कॅडमियमचा शोधच 1817 चा.

घनता काढताना साधा सराफी काटा वापरला जातो. 2.80 ग्रॅमचा शुद्ध सोन्याचा होन पाण्यात साधारण 0.145 ग्रॅम हलका होतो. दोन दशांशांचा काटा 0.14 किंवा 0.15 दाखवणार, म्हणजे घनता (वजन भागिले पाण्यातली घट) 20 किंवा 18.7. सोन्याची असते 19.3! तीन दशांशांचा काटा हवाच. नाणं पातळ दोऱ्याने पाण्यात टांगा, तळाला टेकू देऊ नका. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे चिकटत नाहीत.

चिंच-लिंबाने घासून आणलेल्या तांब्याच्या नाण्याचं काय करायचं? फारसं काही उरत नाही. अस्सल गंजात धातूला लागून लालसर थर असतो आणि त्यावर हिरवा. दहापटी भिंगाखाली हिरवा थेट चकचकीत धातूवर बसलेला दिसला, किंवा ॲसिटोनच्या बोळ्याला रंग लागला, तर तो बहुधा चढवलेला आहे. हा पुरावा घासण्यात जातो. कसोटीवर ओढणं आणि तेजाब लावणं तर नकोच.

ओतीव दिसतंय म्हणून बनावट, हेही सरसकट खरं नाही. शिवराई ठोकून पाडलेली असते, त्यामुळे तिच्या कडेला साच्याची रेघ संशयास्पद. पण प्राचीन भारतात काही तांब्याची नाणी साच्यात ओतूनच बनत. आणि झिजलेल्या शिवराया वितळवून नवी पाडली, तर धातूची चाचणी निर्धास्त पास होते. तिथे अक्षरांचं वळण आणि ठशांची तुलनाच कामाला येते.

नाणं कृष्णाकाठच्या शेतात जमिनीखाली सापडलं असेल, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. पेढीची पायरी त्यानंतर.