चर पाणलोटाचा की पलटणीचा, कसा ओळखावा?

आजचं उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. ‘कॅम्प नंबर चार’ असे पत्ते तिथे अजूनही चालतात. जवळच मलंगगड रस्त्याला नेवाळीत त्याच काळातली धावपट्टी. जिथे पलटणी मुक्कामाला होत्या, त्या मुलखात सरावाचे खंदक शोधून पाहायला हरकत नाही.

१. आधी घरबसल्या गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं चाळा. पावसाळ्यातली सोडून द्या. भात कापून झालेलं आणि गवत वाळलेलं, असे डिसेंबर-जानेवारीचे दिवस बघा. प्रत्यक्ष जायचं तेही तेव्हाच, सकाळी लवकर. तिरक्या उन्हात वीतभर खोल खळगाही सावली धरतो.

२. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘चांदमारी कुठे होती?’ असं विचारा. ‘खंदक’ म्हणालात तर किल्ल्याची वाट दाखवतील. चांदमारी म्हणजे गोळीबाराच्या सरावाची जागा. निशाण्यामागचा मातीचा उंच बांध सहसा सगळ्यात जास्त टिकतो.

३. खरी गफलत होते ती पाणलोटाच्या कामांशी. पावसाचं पाणी अडवायला डोंगरउतारावर खणलेले सलग समतल चर वरून पाहिले तर हुबेहूब लष्करी वाटतात. पण ते एकाच पातळीत, ठरावीक अंतराने जातात आणि उपसलेली माती उताराच्या खालच्या बाजूला असते. पलटणीच्या चराला उताराचं सोयरसुतक नसतं. पहिल्या महायुद्धाच्या पद्धतीचा चर दर काही पावलांवर काटकोनात वळतो, कारण सरळ चरात एका टोकाकडून झाडलेली गोळी दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांना आडवं करते. माती पुढे छातीसाठी आणि मागे पाठीसाठी, दोन्हीकडे. दुसऱ्या महायुद्धात दोघांपुरते सुटे खड्डे आले, साधारण ६ फूट लांब, २ फूट रुंद. वीटभट्टीचे खड्डे मात्र ऐसपैस आणि बेढब असतात, ते लगेच वेगळे पडतात.

आपल्याकडे मुरमाखाली लगेच कातळ लागतो, त्यामुळे फार खोलीची अपेक्षा नको.

४. लांबी-रुंदी मोजा, फोनवर जागेची नोंद घ्या. खणू नका. टेप काढण्याआधी शेतमालकाशी बोला. नेवाळीत धावपट्टीच्या जमिनीवरून जून २०१७ मध्ये आंदोलन पेटलं होतं. अनोळखी माणूस मोजमाप करताना दिसला की लोक बिथरणारच. कुंपणाआड संरक्षण खात्याचा फलक असेल तर तिथूनच परत फिरा.

गंजलेलं, नळकांड्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे व्हा आणि ११२ ला फोन करा.