ट्रॉलीची पिन आणि हूक : हंगामाच्या तोंडावर या चुका टाळा

दसरा झाला की आमच्या कोल्हापूरजवळच्या करवीर भागात ऊस वाहतुकीसाठी ट्रॅक्टर घासूनपुसून उभे राहतात. टायर, बॅटरी, हायड्रॉलिकचं तेल सगळं बघून होतं. पण उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ज्या एका पिनेवर साखर कारखान्यापर्यंत ओढायच्या, ती पिन गेल्या हंगामात जशी होती तशीच असते. एवढ्यासाठीच हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ट्रॉली जोडलेली असतानाच हूक 'बघणे'. लोखंडाला लोखंड घासतं ते ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाला असलेल्या, पिन जाते त्या कडीच्या आत, आणि जोडलेल्या ट्रॉलीत तोच भाग झाकलेला असतो. म्हणून रिकामी ट्रॉली सपाट जागेवर घ्या, चाकांना दगड लावा, दांडीखाली टेकू द्या आणि पिन बाहेर काढा. ग्रीस चिंधीनं पुसून अंगठ्याचं नख पिनेवरून वरून खाली ओढा. मध्येच नख अडकलं की तिथं पायरी पडलीय. मग व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या पट्टीनं) दोन मापं घ्या, एक टोकाजवळ न घासलेल्या जागी आणि एक मधोमध. ३२ मिलिमीटरची पिन मध्ये ३० भरली तर मी ती ठेवत नाही. काहीजण घासलेली बाजू फिरवून तीच पिन परत घालतात. बाजू फिरली तरी गेलेला धातू परत येत नाही.

पिन नवी आणि ती जाते ते हूकचं भोक जुनं, हीसुद्धा नेहमीची गोष्ट. ट्रॅक्टर जागचा पुढं घेताना 'खट्' असा आवाज येतो, ब्रेक दाबला की ट्रॉली मागून धक्का देते, म्हणजे भोक किंवा कडी लंबगोल झालीय. त्या मोकळ्या जागेत प्रत्येक वेळी हातोड्यासारखा ठोका बसतो, आणि ओल्या सरीतून भरलेली ट्रॉली हिसके देऊन काढताना तर फारच. तिथं वॉशर कोंबून भागवू नका. कडी बदला किंवा भोकाला बुश, म्हणजे आतून लोखंडी नळी, बसवून घ्या.

पिन कशाची आहे हेही विचारा. बांधकामाची सळी कापून घातलेली पिन मी डोळ्यांनी बघितलीय. उद्यमनगरात लेथवाल्याला ईएन-८ या मजबूत पोलादाची पिन मापानं करून मागितली तर तो करून देतो. हूकचे बोल्ट बदलताना डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला आहे का बघा. पिकअप गाडीला ट्रॉली जोडायचा गोळ्याचा टो-बार असेल तर गोळा दोन-तीन बाजूंनी मोजा. ५० मिलिमीटरचा गोळा कुठंही ४९ च्या खाली आला की बदलायचा.

पिन निसटू नये म्हणून लावतात त्या क्लिपच्या जागी तार, ही माझी स्वतःची चूक. क्लिप हरवली म्हणून बांधायची तार पिळून घातली होती. शेतातून रस्त्यावर चढताना तार तुटली, पिन उडाली आणि दांडी जमिनीत रुतून ट्रॉली आडवी झाली. पिन सुटली तर ट्रॉली धरून ठेवणारी साखळी लावलेलीच नव्हती. ऊसतोड टोळीतलं एक पोरगं एरवी ट्रॉलीच्या बाजूनं चालायचं, ते त्या वेळी पाणी प्यायला बांधावर थांबलं होतं. आजही तो बांध आला की माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उठतो. तेव्हापासून डब्यात चार क्लिपा जास्तीच्या असतात, आणि साखळ्या दोन, दांडीखालून एकमेकींना फुलीत लावलेल्या. पिन सुटलीच तर दांडी त्या फुलीवर अडकते, रस्त्यात रुतत नाही. साखळी वळणावर ताणणार नाही इतकी सैल हवी, पण रस्त्याला घासणारी नको.

आता तडे. वेल्डिंगच्या जोडाच्या कडेला रंगावर गंजाची बारीक रेघ दिसली तर नुसता रंग उडालाय असं धरून चालू नका. तिथं वायर ब्रश मारा, रॉकेल किंवा डिझेल लावून पंधरा मिनिटं थांबा, मग कोरडं पुसून वरून पांढरा खडू घासा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि खडूवर काळसर ओली रेघ उमटते. अशा तड्यावर वरवर वेल्डिंग ओढलं तर तडा खाली तसाच राहतो. मिस्त्रीला तडा मुळापर्यंत ग्राइंडरनं उकरून मगच भरायला सांगा. पिनेवर मात्र वेल्डिंग अजिबात नको.

ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागं वरच्या बाजूला असलेल्या, अवजारं जोडायच्या टॉप लिंकच्या जागी कधीच जोडू नका. चढाला पुढची चाकं उचलतात.

आणि पहिल्या ट्रॉलीच्या मागचा हूक. दुसरी ट्रॉली त्याच्यावरच ओढली जाते, पण तो ड्रायव्हरच्या नजरेआड राहतो, चिखलानं माखतो, आणि त्याला ग्रीस लावायचं कोणाच्या लक्षातच राहत नाही. कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस टाकायच्या जागी, ऊस उतरून झाला की रिकाम्या ट्रॉल्या बाजूला घेऊन आधी हीच पिन काढून बघा.