रात्रीचे आत्मपरीक्षण: पंधरा मिनिटे आणि एक वही

जेवणे आटोपली, भांडी घासून झाली, की झोपण्याआधीची पंधरा मिनिटे या प्रार्थनेला पुरतात. संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी ती येशूसंघीयांना (आपण स्थापलेल्या जेजुइट संघाच्या सदस्यांना) दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, नेमून दिली. घरसंसार सांभाळणाऱ्याने रात्रीची वेळ धरली तरी चालेल. मात्र अंथरुणावर पडून करू नका, दुसऱ्या पायरीलाच डोळा लागतो. खुर्चीत ताठ बसा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिली दोन मिनिटे उपकारस्तुतीची. ‘सर्व कृपेबद्दल धन्यवाद’ असे घाऊक आभार नकोत. आजचेच काही घ्या: लोकलमध्ये सरकून जागा देणारी बाई, आईचा उतरलेला ताप. हा क्रम उलटा करू नये. चुकांपासून सुरुवात केली की मन स्वतःच्याच खटल्यात अडकते आणि देव बाजूला राहतो.

मग पवित्र आत्म्याजवळ प्रकाश मागा. ‘प्रभू, माझा दिवस तुझ्या नजरेने दाखव’, एवढे पुरे.

निम्मा वेळ तिसऱ्या पायरीला द्या. सकाळी उठल्यापासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांसमोर आणा. नुसती घटनांची जंत्री नको. मन कुठे हलके झाले, कुठे कडवट झाले, ते पाहा. ऑफिसात दुसऱ्याचे कौतुक झाले तेव्हा पोटात दुखले का? तिथे थांबा. असे एकदोन प्रसंग पुष्कळ झाले.

त्यानंतर क्षमायाचना, नेमक्या शब्दांत. ‘मी पापी आहे’ हे खरेच, पण त्यात काहीच कबूल केलेले नसते. ‘मुलावर उगाच खेकसलो’ यात असते. शेवटी उद्यासाठी एकच निश्चय करा, आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणून उठा.

एखादा दोष पुन्हापुन्हा वर येत असेल, तर इग्नेशियस यांची वहीची रीत धरा. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा ओढा, एक दुपारपर्यंतची आणि एक रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा पाय घसरला तितके ठिपके त्या रेघेवर द्या. चूक होताक्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांत बसलेले असलात तरी कोणाच्या लक्षात येत नाही. रात्री दोन्ही रेघा ताडून पाहा, मग कालच्याशी आजच्या. दोष एकच धरा. तीनचार एकदम धरले की आठवड्यात वही बंद पडते. सुरुवातीला ठिपके वाढले तर घाबरू नका, एरवी नजरेतून सुटणारा दोष आता दिसू लागलेला असतो.

काही रात्री मन अगदी कोरडे असते, वेळ सरत नाही. तेव्हा लवकर उठण्याऐवजी ठरल्यापेक्षा थोडे जास्तच बसावे, असे इग्नेशियस सांगतात. दिवसभर अपराधीपणाच कुरतडत असेल तर मात्र काही दिवस वही मिटून ठेवा, फक्त उपकारस्तुती करा आणि आपल्या धर्मगुरूंशी बोला.