लेथ-वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप: आग, पूर आणि विम्याचा क्लेम

चिपळूण, सांगली, कोल्हापूरसारख्या नदीकाठच्या शहरात वर्कशॉप असेल तर तयारीची सुरुवात कागदांपासून करा. यंत्राबरोबर त्याचं बिलही पाण्यात गेलं, की सर्व्हेअरपुढे (नुकसान मोजायला विमा कंपनी पाठवते तो माणूस) ठेवायला काही उरत नाही.

सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ काढा. आधी पूर्ण यंत्र, मग नेमप्लेट. प्लेटवर ग्रीस आणि बुरा साचलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसून मॉडेल आणि सिरियल नंबर वाचता येईल इतक्या जवळून फोटो घ्या. चक, मायक्रोमीटर, कटर यांचे खण उघडून दाखवा. ही किरकोळ वाटणारी हत्यारंच क्लेममध्ये हमखास सुटतात. फोटो, बिलं, स्टॉक रजिस्टर आणि पॉलिसी स्वतःला ईमेल करून ठेवा.

५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. तिच्यात आग आणि पूर दोन्ही येतात. बहुतेकांची चूक रकमेत होते: बँकेच्या कर्जाएवढाच विमा उतरवला जातो. यंत्रं आज नवी घ्यायला २० लाख लागणार असतील आणि विमा १० लाखांचाच असेल, तर ४ लाखांच्या नुकसानीला साधारण २ लाखच मिळतात. विम्याच्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढे नाही. म्हणून दर वर्षी नूतनीकरणाआधी नवीन कोटेशन मागवा.

जॉबवर्कला, म्हणजे काम करून परत द्यायला, आलेला माल तुमच्या मालकीचा नसतो. त्याची पॉलिसीत वेगळी नोंद करून घ्या आणि डिलिव्हरी चलनं जपा. आणखी एक मेख: ज्या मोटरमध्ये शॉर्टसर्किट झालं ती मोटर सहसा विम्यात बसत नाही, तिथून पसरलेल्या आगीचं नुकसान बसतं.

आगीसाठी ६ किलोचा एबीसी पावडरचा (आग विझवायच्या कोरड्या पावडरचा) सिलिंडर दाराजवळ टांगा. वेल्डिंग टेबलामागे ठेवलात तर आगीच्या पलीकडे हात पोचणार नाही. दाबाचा काटा हिरव्यात असला तरी आत पावडर बसून गठ्ठा होते, म्हणून महिन्यातून एकदा सिलिंडर उलटा करून हलवा. विजेच्या पॅनेलसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर ठेवा. पॅनेलमधले ढिले लग (वायरींच्या टोकांचे धातूचे जोड) तापतात. सप्लाय बंद करून वर्षातून दोनदा वायरमनकडून आवळून घ्या. वेल्डिंगच्या ठिणग्या दहा-अकरा मीटरपर्यंत जातात, त्या टप्प्यात थिनर आणि तेलकट कॉटन वेस्ट नको. शटर ओढण्याआधी शेवटचा अर्धा तास वेल्डिंग बंद. धुमसणारा बोळा त्याच वेळात सापडतो.

पुरासाठी मागच्या पाण्याची खूण भिंतीवर रंगवा आणि पॅनेल, स्टार्टर तिच्या वर किमान एक फूट घ्या. खूण डोक्याच्या वर असेल तर मोटरी काढून माळ्यावर नेण्याची तयारी ठेवा: बोल्टना ग्रीस, वायरींना खुणेच्या चिठ्ठ्या, जोडणीचा फोटो, चेन पुली जागेवर. लेथ हलत नाही. तिच्या बेडवर आणि लीडस्क्रूवर (लांब आट्यांच्या दांड्यावर) जाड ग्रीस थापा. रिकामे एलपीजी सिलिंडर आणि थिनरचे डबे तरंगतात, ते साखळीने बांधा.

पाणी ओसरल्यावर आधी मेन स्विच बंद असल्याची खात्री करा. भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेला टेप लावून फोटो घ्या आणि कंपनीला लगेच ईमेल करा. सर्व्हेअर येईपर्यंत काहीच हलवायचं नाही, हा समज महागात पडतो. ओल्या लोखंडावर गंज काही तासांत धरतो आणि नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी असते. म्हणून फोटो झाले की गाळ ओला असतानाच गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेल लावा. निकामी झालेले भाग मात्र भंगारात देऊ नका. सर्व्हेअरने पाहेपर्यंत एका कोपऱ्यात मोजून ठेवा.

भिजलेली मोटर उन्हात वरून सुकली म्हणून चालू केलीत तर वाइंडिंग जळेल. उघडून, धुऊन, भट्टीत सुकवून मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा. ५०० व्होल्टला १ मेगओमच्या खाली रीडिंग असेल तर ती पुन्हा भट्टीत. बेअरिंग नवीनच घाला आणि दुरुस्तीचं बिल प्रत्येक मोटरच्या सिरियल नंबरसकट घ्या. पुरानंतर पंचनाम्याची प्रत आणि आगीनंतर अग्निशमन दलाचा दाखला क्लेमच्या फाइलला जोडा.