हृदयाच्या ठोक्यांवरून दोन उपकरणांची सुरक्षित जोडणी

दोन उपकरणांमधला डेटा कुलूपबंद करायला ठोक्यांचीच किल्ली बनवायला जाऊ नका. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत बदलतं. त्यावरून आज बंद केलेली फाईल उद्या उघडणार नाही. पण एकाच अंगावरच्या दोन उपकरणांना त्या क्षणी ते जवळपास सारखंच मिळतं. म्हणून किल्ली एक्स२५५१९ या किल्ली ठरवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने ठरवा आणि समोरचं उपकरण याच अंगावर आहे का, एवढंच ठोक्यांवरून तपासा. शरीरातल्या वैद्यकीय उपकरणांसाठी २०१३ मध्ये मांडलेल्या हार्ट-टू-हार्ट पद्धतीचा गाभा हाच.

दोन ईएसपी३२ (वाय-फाय असलेले छोटे मायक्रोकंट्रोलर) बोर्ड घ्या. एकाला एडी८२३२ ईसीजी मॉड्यूल आणि तीन जेल इलेक्ट्रोड, दुसऱ्याला बोटासाठी मॅक्स३०१०२ हा प्रकाशावरून नाडी टिपणारा सेन्सर. एडी८२३२ ला ३.३ व्होल्ट द्या, आउटपुट पिन ३४ वर घ्या. हा पिन एडीसी-१ या सिग्नल मोजणाऱ्या गटातला आहे; एडीसी-२ चे पिन वाय-फाय सुरू असताना चालत नाहीत. इलेक्ट्रोड अंगावर असताना बोर्ड फक्त बॅटरीवर चालवा. चार्जर लावला की ५० हर्ट्झचा गोंगाट तर येतोच, शॉकचाही धोका असतो.

सॅम्पलिंग (सिग्नलची नोंद) ईसीजीला सेकंदाला ५०० वेळा, बोटाला ४०० वेळा. बोटाचं १०० वर राहिलं तर एकेक सॅम्पल १० मिलिसेकंदांचं होतं आणि खालचे बिट निरुपयोगी ठरतात. ईसीजीची शिखरं, म्हणजे ठोके, पॅन-टॉम्पकिन्स या ठोके ओळखण्याच्या पद्धतीने शोधा. प्रत्येक अंतर ८ मिलिसेकंदांच्या घरांत मोजा, त्या आकड्याचे शेवटचे ४ बिट ग्रे कोडमध्ये लिहा. त्यात शेजारच्या घरात गेलं तरी एकच बिट बदलतो. ६४ अंतरं म्हणजे २५६ बिट, साधारण मिनिटभर.

बहुतेक वेळा घोळ होतो तो इथे: एक ठोका निसटला की पुढची सगळी अंतरं सरकतात. अंतर अचानक दुप्पट दिसलं तर अख्खं मोजमाप टाकून द्या. बोटापर्यंत लहर उशिरा पोहोचते, म्हणून जुळवताना अंतरांची यादी एका अंतराने मागे-पुढे सरकवूनही पाहा.

दोघांनी आपले बिट, एक्स२५५१९ च्या देवघेवीचा हॅश (डेटाचा ठसा, ज्यावरून मूळ डेटा काढता येत नाही), स्वतःची भूमिका आणि ३२ बाइटचा यादृच्छिक आकडा यांचा एसएचए-२५६ हॅश आधी पाठवायचा, मोजमाप संपल्यावर सेकंदाच्या आत. मूळ बिट आणि हॅशमधला यादृच्छिक आकडा मात्र आणखी मिनिटभर थांबून उघडायचे. ही थांबण्याची पायरी गाळू नका: मध्ये घुसून दोघांशी बोलणाऱ्या हल्लेखोराला एकाचे बिट दुसऱ्याला वेळेत दाखवता येऊ नयेत, यासाठीच ती आहे. २५६ पैकी ५१ पर्यंत बिट चुकले तर मान्य करा. परक्या शरीराचे साधारण निम्मे चुकतात. जुळलं की एक्स२५५१९ च्या गुपितातून एचकेडीएफ ने (किल्ली काढण्याची पद्धत) किल्ली काढून डेटा एईएस-जीसीएम या एन्क्रिप्शनने बंद करा, वापरलेले ठोके पुसून टाका.

ठोक्यांमधली अंतरं ब्लूटूथवर उघडी पाठवणारा छातीचा पट्टा या कामी घेऊ नका. चेहऱ्याच्या व्हिडिओवरूनही नाडी टिपता येते, तेव्हा जोडणी करताना समोर कॅमेरा नको.